पाऊल कोणाचे, अनुभव कोणाचा?

मानवी शरीराला आधार देण्यासाठी, अशक्त झालेल्या स्नायूंना पुन्हा कामाला लावण्यासाठी किंवा गमावलेल्या अवयवाची उणीव भरून काढण्यासाठी अंगावर धारण करण्याची अनेक साधने आज उपलब्ध आहेत. गुडघ्याला बांधायचा पट्टा, कंबरेचा पट्टा, पोलिओने दुर्बल झालेल्या पायासाठी कॅलिपर, कृत्रिम पाय ही त्यांतील परिचित नावे. अलीकडे अशा काही पट्ट्यांत लहान संवेदकही बसवलेले असतात. रुग्णाने व्यायाम करताना सांधा किती वाकवला, याची नोंद ते ठेवतात.

अशा साधनाची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली परीक्षा कार्यशाळेत. तेथे साधनाचे वजन तोलता येते, त्यावर भार टाकता येतो, यंत्राच्या साहाय्याने ते लाखो वेळा वाकवून त्याची मजबुती पाहता येते. दुसरी परीक्षा माणसाच्या घरात, शेतात, रस्त्यावर आणि कामाच्या जागी होते. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली कितीतरी साधने दुसरीत अनुत्तीर्ण होतात आणि घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडतात. त्यांवर झालेला खर्च तर वाया जातोच. पण त्याहून मोठी हानी अशी की, पुन्हा चालता येईल ही रुग्णाची आशाही त्या साधनाबरोबर कोपऱ्यात जाते. हे टाळण्याचा उपाय म्हणजे साधन घडत असतानाच जाणकारांचे अभिप्राय घेणे. हे काम वरवर सोपे वाटते. परंतु जाणकार कोणाला म्हणावे, त्याला काय विचारावे आणि जाणकारांचीच मते परस्परविरोधी असतील तर काय करावे, हे प्रश्न अवघड आहेत. काशीत जन्मलेल्या एका शल्यचिकित्सकाच्या कार्याच्या आधारे आपण त्यांचा विचार करू.

जयपूर पावलाची घडण

डॉ. प्रमोद करण सेठी यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२७ रोजी वाराणसी येथे झाला. त्यांचे वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आग्रा येथे वैद्यकीय शिक्षण आणि एडिंबरा येथील एफ.आर.सी.एस. ही पदवी पूर्ण केल्यानंतर ते जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. मूळचे सामान्य शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. सेठींकडे पुढे अस्थिव्यंगोपचार विभागाची जबाबदारी आली. अपघातात पाय गमावलेले अनेक रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांना कृत्रिम पाय बसवून दिला जाई. मात्र काही काळाने त्यांतील कित्येक जण कुबड्या घेऊनच वावरताना दिसत. नवा पाय त्यांनी काढून ठेवलेला असे.

त्या काळी जगभर प्रचलित असलेले कृत्रिम पाऊल १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झाले होते. त्याच्या आत लाकडाचा ताठ गाभा आणि टाचेखाली मऊ भाग असे. बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ते उत्तम होते. अभियंत्यांच्या दृष्टीने त्यात दोष नव्हता. परंतु राजस्थानातील शेतकऱ्याचे जीवन निराळे होते. तो अनवाणी चाले, शेतातील ढेकळांवरून जाई, मांडी घालून जेवे, उकिडवा बसून कामे करी आणि देवळात जाताना पादत्राणे बाहेर काढी. उकिडवे बसताना घोटा वरच्या दिशेने वाकावा लागतो. मांडी घालताना पाऊल आत वळावे लागते. उंचसखल जमिनीवर ते दोन्ही बाजूंना कलावे लागते. ताठ गाभ्याच्या पावलाला यांतील एकही हालचाल साधत नव्हती. शिवाय ते सदैव बुटात ठेवावे लागे आणि चिखलात व पाण्यात खराब होई. रुग्ण पाय का वापरत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत नव्हते. ते रुग्णांच्या बैठकीत आणि चालण्यात होते.

याच रुग्णालयात मास्टर रामचंद्र शर्मा नावाचे पारंपरिक कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवण्याचे काम करीत. त्यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते; मात्र लाकूड, धातू, साचे आणि ओतकाम यांचे ज्ञान त्यांच्या हातात होते. डॉ. सेठी आणि मास्टर रामचंद्र यांच्या सहकार्यातून १९६८ च्या सुमारास रबराचे पाऊल आकाराला येऊ लागले. ट्रकचे झिजलेले टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानात रबर तापवून घट्ट व एकजीव केले जाते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. तिचाच उपयोग येथे करण्यात आला. अनेक नमुने करून, वापरून आणि मोडून पाहिल्यानंतर रचना निश्चित झाली. टाच आणि पुढचा पंजा स्पंज रबराचा, घोट्याच्या वरचा भाग लाकडाचा, त्यांभोवती टायरमध्ये असते तशा दोरायुक्त रबराचे वेष्टन आणि बाहेर कातडीच्या रंगाचे रबर. हे सर्व साच्यात घालून उष्णतेने एकजीव केले जाई. हे पाऊल वाकत होते, वळत होते, अनवाणी चालू शकत होते आणि पाण्याने खराब होत नव्हते. डॉ. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शास्त्रीय माहिती १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९८१ मध्ये डॉ. सेठींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ६ जानेवारी २००८ रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले.

जाणकार अनेक, ज्ञान वेगवेगळे

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तज्ज्ञ’ ही एकच व्यक्ती नसते. अंगावर धारण करायच्या साधनाबाबत निदान चार प्रकारचे जाणकार असतात.

पहिला जाणकार म्हणजे शल्यचिकित्सक किंवा वैद्य. कोणत्या रुग्णाला साधनामुळे अपाय होईल, हे तो सांगू शकतो. मधुमेहामुळे ज्याच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्याला पट्टा घासल्याचे कळत नाही आणि जखम वाढत जाते. ही सूचना वैद्याकडूनच मिळते.

दुसरा जाणकार म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ, अर्थात फिजिओथेरपिस्ट. तो रुग्णाला आठवडेच्या आठवडे पाहत असतो. कोणत्या व्यायामात पट्टा खाली सरकतो, कोणता रुग्ण पहिल्या आठवड्यानंतर कंटाळतो, आजारी पायावरचा भार चुकवण्यासाठी रुग्ण कंबर कशी तिरपी करतो, हे त्याच्या नित्य निरीक्षणातले असते.

तिसरा जाणकार म्हणजे साधन घडवणारा व दुरुस्त करणारा कारागीर. कोणता टाका आधी उसवतो, कोणता रिव्हेट आधी सैल होतो आणि तालुक्याच्या गावी कोणता सुटा भाग मिळतच नाही, हे त्याला ठाऊक असते. पुण्याचे १९४४ मध्ये स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र किंवा मुंबईत हाजी अली येथील १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था अशा ठिकाणी वैद्य, उपचारतज्ज्ञ आणि कारागीर एकाच आवारात काम करतात. त्यामागील तत्त्व हेच आहे.

चौथा जाणकार म्हणजे साधन वापरणारी व्यक्ती. तिला आपण बहुधा ‘रुग्ण’ म्हणतो आणि तज्ज्ञांच्या यादीत धरत नाही. वास्तविक दिवसाचे दहा-बारा तास साधन अंगावर बाळगण्याचा अनुभव इतर तिघांपैकी कोणालाही नसतो. जयपूर पावलाला दिशा मिळाली ती या चौथ्या जाणकाराच्या न बोललेल्या अभिप्रायातून. त्याने पाय काढून ठेवला होता आणि ते काढून ठेवणे हाच त्याचा अभिप्राय होता.

प्रश्न कसा विचारावा?

अभिप्राय मागताना प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम मिळते. हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाराणसीतील एक गट गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी संवेदक असलेला पट्टा तयार करत आहे, असे समजा. त्या शहरात काशी हिंदू विद्यापीठाची वैद्यकीय संस्था आहे आणि त्याच परिसरातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे अध्यापन होते. त्यामुळे वैद्य आणि अभियंते सहज भेटतील. पट्ट्याचा पहिला नमुना रुग्णालयाच्या गुळगुळीत मार्गिकेत वापरून पाहिला, तर सर्व काही ठीक दिसेल. सपाट जागेवर चालताना गुडघा साधारणपणे ६० अंशांपर्यंत वाकतो.

परंतु वाराणसीत राहणारा माणूस घाट चढतो आणि उतरतो. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावे मराठी वाचकांना परिचित आहेत. या घाटांच्या पायऱ्या उंच आहेत. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढते आणि ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ राहतो. पायऱ्या चढताना गुडघा ९० ते १०० अंशांपर्यंत वाकवावा लागतो. उकिडवे बसताना तो १३० अंशांहून अधिक वाकतो. तेथील काही विणकर आजही खड्ड्याच्या हातमागावर बसतात. माणूस काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तासन्‌तास माग चालवतो. अशा वेळी गुडघ्याच्या मागे पट्ट्याची घडी पडून ती कातडीत रुतण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात घामाने कातडी ओली होते, ती अडचण वेगळीच. यांतील एकही गोष्ट रुग्णालयाच्या मार्गिकेत दिसणार नाही.

आता त्या विणकराला, “पट्टा कसा वाटला?” असे विचारले, तर तो बहुधा, “चांगला आहे, साहेब,” असेच म्हणेल. विचारणारा शिकलेला आहे, त्याने वस्तू फुकट दिलेली आहे. तिला नावे ठेवणे त्याला असभ्य वाटेल. हे उत्तर सौजन्याचे आहे. त्यात माहिती नाही. म्हणून प्रश्न असे असावेत : काल पट्टा किती वाजता बांधला? दिवसभरात तो किती वेळा काढला? कोणते काम करताना काढला? स्वतःला बांधता आला की घरातील कोणाची मदत घ्यावी लागली? कातडीवर वळ उठला का, आणि तो किती वेळ राहिला? त्याहून उत्तम मार्ग म्हणजे न विचारता पाहणे. “मागावर बसून दाखवा,” “घाटाच्या दहा पायऱ्या उतरून दाखवा,” असे म्हटले की, शब्दांत न सापडणारी गोष्ट डोळ्यांना दिसते.

वैद्याला आणि भौतिकोपचारतज्ज्ञालाही नेमकेच प्रश्न विचारले पाहिजेत. “हे साधन उपयुक्त आहे का?” याऐवजी “कोणत्या तीन प्रकारच्या रुग्णांना तुम्ही हे साधन देणार नाही?” असे विचारावे. नकाराचे कारण सांगताना तज्ज्ञ आपल्या अनुभवातील ठोस घटना सांगतो. स्तुतीच्या वेळी तो सहसा सामान्य विधान करतो.

अभिप्रायांची तुलना करायची असेल, तर मोजपट्टी लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मते मोजण्याची श्रेणीपद्धती मांडली. ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पायऱ्यांची मोजपट्टी त्यातूनच रूढ झाली. साहाय्यक साधनांसाठी कॅनडातील संशोधकांनी १२ मुद्द्यांची एक प्रश्नावली तयार केली आहे. आकार, वजन, सुरक्षितता, टिकाऊपणा, वापरातील सुलभता, आराम, परिणामकारकता, दुरुस्तीची सोय असे मुद्दे तिच्यात आहेत. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण दिल्यानंतर वापरणाऱ्याला आणखी एक गोष्ट विचारली जाते : या बारांपैकी तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे तीन कोणते? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. अभियंता टिकाऊपणाला पहिले स्थान देईल आणि वापरणारी स्त्री कदाचित वजनाला देईल. हा फरक गुणांच्या सरासरीत लोपतो. निवडीत मात्र तो उघड होतो.

मते जुळत नाहीत तेव्हा

अनेक जाणकारांना विचारले की मतभेद होणारच. मतभेद हे अपयश नव्हे. मात्र ते हाताळण्याची रीत ठरलेली असावी.

तज्ज्ञांची बैठक बोलावली, तर बहुधा सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती आधी बोलते आणि इतर जण मान डोलावतात. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा मान मोठा असल्याने तरुण उपचारतज्ज्ञ किंवा कारागीर गप्प राहण्याचा धोका अधिक. यावर उपाय म्हणून ‘डेल्फी पद्धत’ वापरली जाते. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेत १९५० च्या दशकात तिचा विकास झाला आणि प्राचीन ग्रीसमधील भविष्यकथनाच्या स्थानावरून तिला हे नाव मिळाले. या पद्धतीत प्रत्येक तज्ज्ञ आपले मत स्वतंत्रपणे लिहून देतो. सर्व मतांचा सारांश नावे न सांगता पुन्हा सर्वांकडे पाठवला जातो. तो वाचून प्रत्येक जण आपल्या मताचा फेरविचार करतो. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर कोठे एकमत आहे आणि कोठे खरा मतभेद आहे, हे स्पष्ट होते. मत कोणाचे आहे यापेक्षा मताला आधार काय आहे, याकडे लक्ष जाते.

तरीही काही मतभेद उरतातच. वरील उदाहरणातील वैद्य म्हणेल, “विणकराने गुडघा इतका वेळ वाकवून बसूच नये.” विणकर म्हणेल, “बसलो नाही तर घर कसे चालेल?” दोघेही खरे बोलत आहेत. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. साधनाने अपाय होईल का, या प्रश्नावर वैद्याचा शब्द निर्णायक मानावा. साधन प्रत्यक्ष वापरले जाईल का, या प्रश्नावर वापरणाऱ्याचा शब्द निर्णायक मानावा. या दोन्ही अटी पूर्ण करणारा मार्ग शोधणे हे साधन घडवणाऱ्याचे काम आहे. पट्टा ठरावीक वेळाने उठण्याची आठवण करून देऊ शकतो. गुडघ्यामागचा भाग मऊ व उघडा ठेवता येतो. एका जाणकाराचे ऐकून दुसऱ्याला गप्प करणे हा मात्र मार्ग नव्हे.

जयपूर पावलाच्या बाबतीतही मतभेद झाले. ते हाताने घडवले जात असल्याने प्रत्येक पावलाचा दर्जा सारखा राहत नाही आणि ते वजनाला जड आहे, असे आक्षेप तज्ज्ञांनी घेतले. हे आक्षेप निराधार नव्हते. दुसरीकडे, हजारो लोक ते पाऊल घालून शेतात राबत होते, हेही सत्य होते. पावलाची उपयुक्तता मान्य करूनही त्यात सुधारणा करण्याची गरज उरते, हे या दोन्ही सत्यांवरून समजते. जयपूर येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल मोठ्या प्रमाणावर गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचवले. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ‘जयपूर गुडघा’ विकसित झाला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत त्याचा समावेश केला.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातानंतर एक पाय गमावला आणि जयपूर पाऊल लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा नृत्यासाठी रंगमंचावर उभ्या राहिल्या. या घटनेने असंख्य लोकांना धीर दिला. तथापि, एका असामान्य व्यक्तीचे यश हा साधनाविषयीचा संपूर्ण अभिप्राय होऊ शकत नाही. तिची जिद्द आणि तिचा कित्येक महिन्यांचा सराव यांचाही त्यात वाटा असतो. साधन सामान्य माणसाच्या उपयोगी पडते की नाही, हे पाहायचे तर ज्यांनी ते वापरणे सोडले त्यांचा शोध घेतला पाहिजे. समाधानी माणसे स्वतःहून पुन्हा भेटीला येतात. असमाधानी माणसे बहुधा येत नाहीत. त्यांच्या घरी जावे लागते.

नोंद आणि संमती

अभिप्राय मिळाल्यावर तो जसाच्या तसा नोंदवणे महत्त्वाचे आहे. “पट्टा टोचतो” या शब्दांऐवजी नोंदवहीत “आरामाबाबत तक्रार” असे लिहिले, तर टोचण्याची जागा आणि वेळ दोन्ही हरवतात. प्रत्येक अभिप्रायापुढे तारीख, नमुन्याचा क्रमांक आणि त्यावर घेतलेला निर्णय लिहावा. सूचना स्वीकारली नसेल, तर कारणही लिहावे. पुढचा नमुना तयार झाल्यावर त्याच जाणकारांना तो दाखवावा. आपल्या बोलण्याने काही बदलले, हे पाहिल्यावर माणूस दुसऱ्या वेळी अधिक मोकळेपणाने बोलतो.

साधनाची चाचणी माणसांवर होत असल्याने तिला कायद्याची व नीतीची चौकट आहे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही २०१७ मध्ये संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चाचणीत भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत सर्व माहिती देणे, त्याची संमती घेणे आणि केव्हाही बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य त्याला देणे, ही त्यांतील मूलभूत तत्त्वे आहेत. नकार देणाऱ्या रुग्णाच्या उपचारात कोणतीही कसर होता कामा नये. हे आश्वासन खरे असेल, तरच त्याचा होकारही खरा असतो आणि त्याचा अभिप्रायही.

डॉ. सेठींच्या शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या आणि परदेशी पाऊलही शास्त्रशुद्ध होते. तेवढ्यावर समाधान मानले असते, तर रुग्ण कुबड्यांवरच राहिले असते. त्यांनी रुग्णाला दोष दिला नाही. त्याने पाय का काढून ठेवला, हे पाहिले आणि ते दूर करण्यासाठी कारागिराच्या शेजारी बसण्यात कमीपणा मानला नाही. शरीररचनेचे ज्ञान डॉक्टरांकडे होते, रबराचे व साच्याचे ज्ञान कारागिराकडे होते आणि उकिडवे बसून दिवस काढण्याचे ज्ञान शेतकऱ्याकडे होते. ही तिन्ही ज्ञाने एकत्र आली, तेव्हा ते पाऊल चालू लागले.